जॉर्ज नॉरिस आणि विधिमंडळाच्या कार्यपद्धतीची सुधारणा

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याचे लक्ष सामान्यतः अध्यक्षपद आणि सर्वोच्च न्यायालय या दोन संस्थांकडे प्रथम वळते. काँग्रेसचा विचार होतो तो तिने संमत केलेल्या कायद्यांच्या अनुषंगाने. ते कायदे कोणत्या नियमांनी, कोणत्या समितीतून आणि कोणाच्या अनुमतीने संमत झाले, हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा मानून बाजूस ठेवला जातो. परंतु एखादे विधेयक सभागृहापुढे येऊच न देण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याची सत्ता मत देणाऱ्या शेकडो सदस्यांच्या सत्तेपेक्षा मोठी असू शकते. ही गोष्ट ज्या मोजक्या लोकप्रतिनिधींनी ओळखली आणि तिच्यावर आपले आयुष्य वेचले, त्यांत नेब्रास्का राज्याचा सिनेटर जॉर्ज विल्यम नॉरिस (१८६१–१९४४) याचे स्थान अग्रगण्य आहे. प्रतिनिधिगृहात दहा वर्षे आणि सिनेटमध्ये तीस वर्षे अशी त्याची एकंदर कारकीर्द. या काळात त्याने प्रतिनिधिगृहाच्या सभापतीची अनियंत्रित सत्ता मोडली, राज्यघटनेची विसावी दुरुस्ती घडवून आणली आणि आपल्या राज्यात एकसदनी विधिमंडळ स्थापन करविले. तिन्ही सुधारणांच्या मुळाशी एकच विचार होता: लोकशाहीत निर्णय कोणी घेतला हे लोकांना दिसले पाहिजे, जेथे जबाबदारी झाकली जाते तेथे लोकांची सत्ता झिरपून जाते. या विचाराचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वायुष्य

नॉरिसचा जन्म ११ जुलै १८६१ रोजी ओहायओ राज्यातील सँडस्की परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. बारा भावंडांत तो अकरावा. १८६४ मध्ये त्याचा थोरला भाऊ यादवी युद्धात कामास आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वडीलही वारले. शेतीचा आणि मुलांचा सर्व भार आईवर पडला. नॉरिसच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘फायटिंग लिबरल’ या आत्मचरित्रात आईची एक आठवण आहे. आई एक रोप लावीत होती. या झाडाची फळे तुला कुठे चाखावयास मिळणार, असे मुलाने तिला विचारले. आपल्याला नाही तरी कोणाला तरी ती मिळतील, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. ज्या सुधारणांना दहा-दहा, बारा-बारा वर्षे लागली त्यांमागे नॉरिस चिकाटीने कसा उभा राहिला, याचा उलगडा या आठवणीतून थोडाफार होतो.

इंडियाना राज्यातील व्हालपरायझो येथे कायद्याचे शिक्षण पुरे करून १८८५ मध्ये तो नेब्रास्कात आला. बीव्हर सिटी आणि पुढे मकूक या लहान गावांत त्याने वकिली केली, परगण्याचा सरकारी वकील म्हणून काम पाहिले आणि १८९५ पासून सात वर्षे जिल्हा न्यायाधीशाचे पद भूषविले. हा काळ नेब्रास्काच्या शेतकऱ्याला फार कठीण गेला. अवर्षण, घसरलेले भाव आणि गहाण जमिनींवरील जप्त्या यांनी तो गांजला होता. जो शेतकरी पुन्हा उभा राहील असे दिसे त्याच्या जमिनीची जप्ती न्यायाधीश नॉरिस कायद्याच्या मर्यादेत राहून लांबणीवर टाकीत असे. कर्ज बुडवावे असे त्याचे मत नव्हते. मुदत थोडी वाढविली असता धनको आणि ऋणको दोघांचाही निभाव लागतो, हा त्यामागील व्यवहार होता. कायद्याच्या आशयाइतकेच त्याच्या अंमलाच्या वेळेला व रीतीला महत्त्व असते, हा धडा त्याला न्यायासनावरच मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

२. सभापतीविरुद्धचे बंड

१९०२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार म्हणून नॉरिस प्रतिनिधिगृहावर निवडून आला. जोसेफ कॅनन हा १९०३ पासून या गृहाचा सभापती होता. ब्रिटिश परंपरेतील सभापती निष्पक्ष असतो, तर अमेरिकेतील सभापती हा बहुमतवाल्या पक्षाचा पुढारीच होय. तथापि कॅननच्या हाती एकवटलेली सत्ता या मानानेही अमर्याद होती. सर्व स्थायी समित्यांवरील नेमणुका तो करी. कोणत्या सदस्यास बोलू द्यावयाचे हे तो ठरवी. कामकाजाचा क्रम ज्या पाच सदस्यांच्या नियम-समितीत निश्चित होई, तिचा अध्यक्षही तोच असे. त्याला नको असलेले विधेयक समितीतच मरण पावे आणि ते कोणी मारले हे मतदारास कधीच कळत नसे.

कामकाजाचे नियम बदलणारा ठराव नियम-समितीकडेच जाई. आणि तेथे सभापती बसलेला! हा चक्रव्यूह भेदण्यासाठी नॉरिसने आपला ठराव तयार करून तो कित्येक दिवस खिशात बाळगला होता. १७ मार्च १९१० रोजी संधी आली. जनगणनेसंबंधीच्या एका ठरावाला, जनगणना ही राज्यघटनेने सांगितलेली बाब असल्यामुळे, नेहमीच्या क्रमाबाहेर प्राधान्य देण्यात आले. सभापतीचा कल त्याला अनुकूलच होता. नॉरिस लगेच उभा राहिला. प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपण ठरवावेत असेही राज्यघटना सांगते. तेव्हा नियमबदलाच्या ठरावालाही तेच प्राधान्य मिळाले पाहिजे, असा त्याचा मुद्दा होता. सभापतीचा युक्तिवाद सभापतीवरच उलटला.

कॅननने निर्णय लांबविला. आपल्या बाजूचे गैरहजर सदस्य येऊन पोहोचावेत यासाठी रात्रभर चर्चा चालू राहिली. १९ मार्च रोजी त्याने नॉरिसचा ठराव नियमबाह्य ठरविला, परंतु सभागृहाने तो निर्णय फिरविला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव संमत केला. डेमोक्रॅटिक सदस्य आणि रिपब्लिकन पक्षातील सुमारे चाळीस बंडखोर यांच्या युतीचा हा विजय होता. नियम-समिती पाचाऐवजी दहा सदस्यांची झाली. तिचे सदस्य सभागृहाने निवडावेत आणि सभापतीने तिच्यात बसू नये असे ठरले. समित्यांवरील नेमणुका सभापतीकडून काढून घेण्याचे काम पुढील वर्षी, डेमोक्रॅटिक पक्ष बहुमतात आल्यावर, पूर्ण झाले.

यानंतर जे घडले ते नॉरिसच्या स्वभावावर प्रकाश टाकणारे आहे. कॅननने स्वतः होऊन सभापतिपद रिक्त करण्याचा ठराव मांडण्यास विरोधकांना आव्हान दिले. तसा ठराव आला, परंतु नॉरिससह बहुसंख्य रिपब्लिकन बंडखोरांनी त्याविरुद्ध मत दिले आणि कॅनन पदावर राहिला. लढा पदाच्या अनिर्बंध सत्तेशी होता. त्या पदावरील व्यक्तीशी नॉरिसचे वैर नव्हते.

३. १९१७ चा पेचप्रसंग

१९१३ मध्ये नॉरिस सिनेटमध्ये गेला. चार वर्षांतच त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग उद्भवला. जर्मन पाणबुड्यांच्या धोक्यामुळे व्यापारी जहाजांवर तोफा चढविण्याची अनुज्ञा देणारे विधेयक अध्यक्ष विल्सनने काँग्रेसपुढे ठेवले. देश यामुळे युद्धात ओढला जाईल अशी नॉरिसची खात्री होती. ४ मार्च १९१७ रोजी मध्यान्ही त्या काँग्रेसची मुदत संपत होती. तोपर्यंत भाषणे चालू ठेवून नॉरिस आणि त्याच्या मूठभर सहकाऱ्यांनी विधेयक मताला येऊ दिले नाही. विल्सनने या सदस्यांवर कडक शब्दांत कोरडे ओढले आणि वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविले.

आपली भूमिका राज्यातील जनतेला मान्य नसेल तर पद सोडण्यास आपण तयार आहोत, असे नॉरिसने नेब्रास्काच्या राज्यपालास कळविले आणि याबाबत खास निवडणूक घेण्याची सूचना केली. ती स्वीकारली गेली नाही. तेव्हा मित्रांचा सल्ला डावलून तो लिंकन येथे गेला, भरलेल्या सभागृहापुढे एकटा उभा राहिला आणि आपण असे का केले हे त्याने श्रोत्यांना समजावून सांगितले. श्रोत्यांनी त्याचे स्वागत केले. पुढे ४ एप्रिल रोजी युद्धघोषणेचा ठराव सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. विरोधी सहांपैकी एक मत नॉरिसचे होते. असे असूनही १९१८ मध्ये तो पुन्हा निवडून आला.

या प्रकरणातील एक विसंगती अभ्यासकाने नजरेआड करू नये. ज्याने १९१० मध्ये बहुमताला आपले म्हणणे चालविण्याचा हक्क मिळवून दिला, त्यानेच १९१७ मध्ये अल्पमताच्या जोरावर बहुमताला अडविले. अधिवेशन ठराविक दिवशी आपोआप संपते, या वैगुण्याचा त्याने स्वतः लाभ घेतला. या अडवणुकीचा तात्कालिक परिणाम म्हणून ८ मार्च १९१७ रोजी सिनेटने उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने चर्चा बंद करण्याचा नियम प्रथमच स्वीकारला. जे वैगुण्य एकदा नॉरिसच्या कामी आले होते, ते मुळापासून काढून टाकण्यासाठी पुढील दहा वर्षे त्यालाच झगडावे लागले.

४. पराभूतांचे अधिवेशन आणि विसावी दुरुस्ती

हे वैगुण्य समजण्यासाठी जुने वेळापत्रक ध्यानात घेतले पाहिजे. काँग्रेसच्या निवडणुका सम वर्षाच्या नोव्हेंबरात होत. नव्या सदस्यांची मुदत पुढील ४ मार्चला सुरू होई. परंतु काँग्रेसने दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरावे असा घटनेचा दंडक असल्यामुळे, अध्यक्षाने खास अधिवेशन न बोलाविल्यास निवडून आलेला सदस्य तब्बल तेरा महिन्यांनी प्रथम सभागृहात बसे. उलट, निवडणुकीनंतरच्या डिसेंबरात जे अधिवेशन भरे त्यात जुनेच सदस्य असत. त्यांतील कित्येकांना लोकांनी नुकतेच घरी पाठविलेले असे. अशा सदस्यास अमेरिकन बोलीत ‘लेम डक’, म्हणजे लंगडे बदक, असे म्हणतात. पुन्हा मतदारापुढे जावयाचे नसल्यामुळे लोकमताचा धाक त्याला उरत नसे. अध्यक्षाकडून एखादे पद मिळण्याची आशा मात्र असे. शिवाय हे अधिवेशन ४ मार्चला संपलेच पाहिजे असल्यामुळे शेवटच्या दिवसांत मूठभर सदस्य कोणतेही विधेयक अडवू शकत. अठराव्या शतकात, प्रवासाला आठवडेच्या आठवडे लागत तेव्हा, हे वेळापत्रक समर्थनीय होते. आगगाडी आणि तारायंत्र यांच्या युगात त्याचे समर्थन उरले नव्हते.

१९२२ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मोठी पीछेहाट झाली. तरीही जहाज-कंपन्यांना सरकारी साहाय्य देणारे विधेयक पराभूत सदस्यांच्या मतांवर संमत करून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला. पराभूत सदस्यांनी महत्त्वाच्या प्रश्नांवर मतदानापासून दूर राहावे, अशा अर्थाचा ठराव सिनेटर कॅरवे याने मांडला. तो ठराव नॉरिस अध्यक्ष असलेल्या शेतकी समितीकडे आला. सद्भावनेच्या आवाहनाने काही साधणार नाही हे ओळखून नॉरिसने त्याऐवजी घटनादुरुस्तीचाच मसुदा तयार केला. सिनेटने फेब्रुवारी १९२३ मध्ये तो प्रचंड बहुमताने संमत केला. प्रतिनिधिगृहात मात्र तो पुढाऱ्यांच्या इच्छेवर अडून राहिला. सिनेटने तो पुन्हापुन्हा संमत करावा आणि कनिष्ठ गृहाने तो मताला येऊ देऊ नये, असा क्रम चालला. १९२८ मध्ये अखेर मत घेतले गेले तेव्हा २०९ विरुद्ध १५७ असे बहुमत मिळाले, परंतु आवश्यक ते दोन-तृतीयांश मिळाले नाही. दुसऱ्या अधिवेशनाला शेवटची तारीख नसेल तर ते अखंड चालेल, असा आक्षेप सभापती लाँगवर्थ आणि त्याचे सहकारी घेत. नॉरिसच्या दृष्टीने ती तारीख म्हणजेच अडवणुकीचे हत्यार होते. ते परत हाती देण्यास तो तयार नव्हता. म्हणून १९३१ ची तडजोडही फिसकटली.

१९३१ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाची सूत्रे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि मार्ग मोकळा झाला. मार्च १९३२ मध्ये दुरुस्ती राज्यांकडे गेली आणि २३ जानेवारी १९३३ रोजी आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता पूर्ण झाली. पुढे सर्व म्हणजे ४८ राज्यांनी तिला मान्यता दिली. काँग्रेसची मुदत ३ जानेवारीस आणि अध्यक्षाची २० जानेवारीस सुरू व्हावी असे ठरले. या सुधारणेची निकड नेमकी त्याच हिवाळ्यात सर्वांच्या अनुभवास आली. नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आलेला रूझवेल्ट ४ मार्च १९३३ पर्यंत सत्तेवर येऊ शकत नव्हता, पराभूत हूव्हरला निर्णय घेण्याचे नैतिक बळ उरले नव्हते आणि दरम्यान राज्याराज्यांतून पेढ्या बंद पडत होत्या.

५. मसल शोल्स आणि टेनेसी खोरे

नॉरिसच्या आर्थिक विचारांचा विस्तृत परामर्श येथे घ्यावयाचा नाही. परंतु कार्यपद्धतीतील दोष लोकांच्या जीवनात कसे उतरतात, हे दाखविण्यास टेनेसी खोऱ्याचे उदाहरण उपयुक्त आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्यासाठी लागणारे नायट्रेट तयार करण्याकरिता अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथे सरकारने धरण व कारखाने बांधावयास घेतले. युद्ध संपल्यावर त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उरला. १९२१ मध्ये हेन्री फोर्डने कारखाने पन्नास लक्ष डॉलरांस विकत घेण्याची आणि धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याची तयारी दर्शविली. दक्षिणेतील शेतकरी स्वस्त खताच्या आशेने या योजनेच्या बाजूस होते आणि प्रतिनिधिगृहाने ती मान्यही केली. नॉरिसच्या समितीने तिची कसून छाननी केली आणि सार्वजनिक पैशातून उभारलेली नदीची शक्ती नाममात्र किमतीस देऊन टाकण्यास विरोध केला. १९२४ मध्ये फोर्डने आपला देकार मागे घेतला.

सरकारी मालकीचे नॉरिसचे विधेयक १९२८ मध्ये संमत झाले. अध्यक्ष कूलिजने त्यावर सही न करता ते तसेच मरू दिले. १९३१ मध्ये ते पुन्हा संमत झाले. हूव्हरने नकाराधिकार वापरला. अखेर १८ मे १९३३ रोजी रूझवेल्टने टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. मधल्या काळात, मार्च १९३२ मध्ये, कामगार संघटनेत जाणार नाही असे वचन कामगाराकडून लिहून घेणारे करार निष्प्रभ करणारा आणि संपांविरुद्ध न्यायालयांनी मनाई-हुकूम काढण्यावर निर्बंध घालणारा नॉरिस–ला गार्डिया कायदाही झाला होता. १९३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा संमत झाला, त्यातही नॉरिसचा पुढाकार होता. त्या सुमारास अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाच घरी वीज पोहोचली होती.

प्राधिकरणाच्या पहिल्या धरणास नॉरिसचे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना आपली भूमी सोडावी लागली. धरणावरील कामगारांसाठी वसविलेल्या नॉरिस याच नावाच्या गावात निग्रो कुटुंबांना घरे दिली गेली नाहीत. लोकहिताची योजना कोणत्या ‘लोकां’च्या हिताची, हा प्रश्न त्या योजनेच्या वैभवाबरोबरच विचारला पाहिजे.

या प्रयोगाचा भारताशी असलेला संबंध येथे नमूद करणे अगत्याचे आहे. दामोदर नदीच्या विकासाचा प्राथमिक आराखडा टेनेसी प्राधिकरणातील अभियंता व्हूर्डुइन याने तयार केला. तत्कालीन मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या योजनेच्या परिषदांचे मार्गदर्शन केले. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला, तो टेनेसीचा नमुना समोर ठेवूनच.

६. नेब्रास्काचे एकसदनी विधिमंडळ

संघराज्याच्या काँग्रेसला दोन सभागृहे असण्याचे कारण उघड आहे: एकात लोकसंख्येचे आणि दुसऱ्यात राज्यांचे प्रतिनिधित्व. परंतु घटक राज्यात परगणे सार्वभौम नसतात. मग त्याच मतदारांनी, जवळजवळ त्याच पद्धतीने निवडलेल्या दोन सभागृहांचे प्रयोजन काय, हा प्रश्न नॉरिसने १९२३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात उपस्थित केला. त्याचा मुख्य रोख दोन सभागृहांतील मतभेद मिटविणाऱ्या संयुक्त समितीवर होता. बहुधा सहा सदस्यांची ही समिती बंद दाराआड बसे. तिने तयार केलेला मसुदा सभागृहांनी जसाच्या तसा स्वीकारावा वा फेटाळावा. त्यात दुरुस्ती करता येत नसे. विधेयकातील लोकोपयोगी कलम गळाले तर ते कोणी गाळले हे कळण्यास मार्ग नसे. प्रत्येक सदस्य दुसऱ्या सभागृहाकडे बोट दाखवून मोकळा होई. नॉरिसच्या मते द्विसदनी पद्धतीत ही समितीच खरे, आणि कोणीही न निवडलेले, तिसरे सभागृह बनली होती.

नेब्रास्काच्या घटनेप्रमाणे मतदारांना अर्जाद्वारे घटनादुरुस्ती सुचविण्याचा अधिकार होता. त्याचा आधार घेऊन १९३४ मध्ये चळवळ सुरू झाली. नेब्रास्का विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन सेनिंग यांचे तीत मोठे साहाय्य झाले. बहुतेक पक्षनेते आणि वृत्तपत्रे विरोधात होती. त्र्याहत्तर वर्षांच्या नॉरिसने स्वतः राज्यभर दौरा केला. ६ नोव्हेंबर १९३४ रोजी २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठविण्याचा आणि शर्यतींवरील पैजेचा प्रश्नही होता. बदलास अनुकूल असलेल्या मतदारांनी तिन्हीला एकदमच कौल दिला, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. आर्थिक मंदीमुळे काटकसरीचा मुद्दाही लोकांना पटला असावा.

पूर्वीच्या दोन सभागृहांत मिळून १३३ सदस्य होते; नव्या विधिमंडळात ४३ आले. समित्यांची संख्या ६१ वरून १८ वर आली. १९३५ चे अखेरचे द्विसदनी अधिवेशन ११० दिवस चालले, त्यात १९२ विधेयके संमत झाली आणि खर्च २,०२,५९३ डॉलर आला. १९३७ चे पहिले एकसदनी अधिवेशन ९८ दिवसांत आटोपले, २१४ विधेयके संमत झाली आणि खर्च १,०३,४४५ डॉलर, म्हणजे जवळजवळ निम्मा, आला. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचा उल्लेख करावयाचा नाही, हेही त्या दुरुस्तीचे महत्त्वाचे अंग होते.

पुढील अनुभव काय सांगतो? १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात राज्यांची दोन्ही सभागृहे लोकसंख्येच्या प्रमाणातच असली पाहिजेत असा निर्णय दिला. वरिष्ठ गृहाच्या वेगळेपणाचा उरलासुरला आधार त्यामुळे ढासळला आणि नॉरिसच्या युक्तिवादास बळकटी आली. तथापि दुसऱ्या कोणत्याही राज्याने अद्याप नेब्रास्काचे अनुकरण केलेले नाही. ४९ सदस्यांचे तेथील विधिमंडळ आजही एकमेव आहे. पक्षनिरपेक्षतेविषयी मात्र राज्यशास्त्रज्ञ साशंक आहेत. राइट आणि शॅफनर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेजारच्या कॅन्ससशी तुलना केली. निवडणुकीत मांडलेल्या विचारप्रणालीचा आणि सभागृहातील मतदानाचा जो मेळ कॅन्ससमध्ये दिसतो तो नेब्रास्कात फारसा आढळला नाही. पक्ष ही मतदाराला सदस्याची ओळख पटविणारी खूण असते. ती पुसली की जबाबदारी स्पष्ट होण्याऐवजी अधिक अंधुक होऊ शकते. नॉरिसने ज्या हेतूने पक्षाचे नाव काढले, त्याच हेतूला त्यामुळे काही अंशी बाधा आली.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा विषय परका नाही. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांतात १९३७ पासून वरिष्ठ सभागृह अस्तित्वात आले आणि महाराष्ट्राची विधानपरिषद ही त्याच परंपरेतील संस्था आहे. परंतु तुलना करताना एक भेद सांभाळला पाहिजे. भारतीय संविधानाच्या १९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानपरिषद सामान्य विधेयकास केवळ विलंब लावू शकते. राज्यांत दोन सभागृहांची संयुक्त बैठक नाही. अंतिम शब्द विधानसभेचा असतो. नॉरिसचा मुख्य आक्षेप, म्हणजे गुप्त तडजोड करणारी समिती, येथे लागू पडत नाही. भारतातील परिषदांविषयीचा वाद उपयुक्तता, खर्च आणि प्रतिनिधित्व या मुद्द्यांवर स्वतंत्रपणेच तपासला पाहिजे.

७. अखेर आणि मूल्यमापन

पक्षशिस्तीचे बंधन नॉरिसने कधीच फारसे मानले नाही. १९२८ मध्ये त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल् स्मिथला पाठिंबा दिला आणि स्वतःच्या पक्षाचा रोष ओढवून घेतला. १९३० च्या प्राथमिक निवडणुकीत विरोधकांनी अजब युक्ती योजली. ब्रोकन बो गावातील जॉर्ज नॉरिस याच नावाच्या एका किराणा दुकानदारास त्यांनी उमेदवारीस उभे केले. मतपत्रिकेवर दोन सारखीच नावे आली असती तर मते कोणाची हे ठरविणेच अशक्य झाले असते. सुदैवाने त्या दुकानदाराचा अर्ज मुदतीनंतर पोहोचल्यामुळे बाद झाला. १९३६ मध्ये नॉरिस अपक्ष म्हणून निवडून आला. १९४२ मध्ये मात्र, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्याचा पराभव झाला.

त्या पराभवानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात काँग्रेस चालूच होती. ‘पराभूतांचे अधिवेशन’ बंद करणारा नॉरिस आता स्वतःच पराभूत सदस्य म्हणून तेथे बसला होता. मतदानासाठी कर भरण्याची दक्षिणी राज्यांतील अट रद्द करणारे, त्याचा पाठिंबा असलेले विधेयक त्याच आठवड्यांत दीर्घ भाषणांच्या अडवणुकीने बारगळले. २ सप्टेंबर १९४४ रोजी मकूक येथे त्याचे निधन झाले. १९५७ मध्ये जॉन केनेडीच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीने पाच थोर सिनेटर निवडण्याचे काम हाती घेतले तेव्हा इतिहासकारांच्या पसंतीत नॉरिस अग्रस्थानी होता. परंतु नेब्रास्काच्याच तत्कालीन सिनेटरांचा विरोध आडवा आला आणि त्याचे नाव वगळले गेले.

नॉरिसच्या सुधारणांचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सभापतीची सत्ता मोडली, ती समित्यांच्या ज्येष्ठ अध्यक्षांकडे गेली. स्वतंत्र झालेली नियम-समिती १९५० नंतरच्या दशकात नागरी हक्कांच्या विधेयकांना अडविणारा तट बनली. अखेर १९६१ मध्ये तिची सदस्यसंख्या वाढवावी लागली, आणि १९७५ पासून बहुसंख्य डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या बाजूचे नियम-समितीचे सदस्य सुचविण्याचा अधिकार पुन्हा सभापतीलाच दिला. पराभूत सदस्यांचा काळ चार महिन्यांवरून सुमारे दोन महिन्यांवर आला, पण तो संपला नाही. निवडणुकीनंतरची अधिवेशने आजही भरतात. विधिमंडळातील सत्ता नष्ट होत नाही, ती जागा बदलते.

यावरून नॉरिसचे कार्य विफल झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोणताही नियम सत्तेला कायमची जखडून ठेवू शकत नाही. परंतु आज ती कोणाच्या हाती आहे हे लोकांना दिसेल इतपत प्रकाश नियमाने पाडता येतो. १९१० पूर्वी तो प्रकाश प्रतिनिधिगृहात नव्हता, १९३३ पूर्वी मार्चच्या अधिवेशनात नव्हता, १९३७ पूर्वी नेब्रास्काच्या संयुक्त समितीत नव्हता. सत्तेने जागा बदलली की तिचा माग काढणे आणि त्या नव्या जागी पुन्हा उजेड नेणे, हे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. विधिमंडळाच्या नियमपुस्तिकेकडे रुक्ष वाङ्मय म्हणून न पाहता सत्तेचा नकाशा म्हणून पाहावयास शिकविणे, ही नॉरिसने राज्यशास्त्राच्या अभ्यासकास दिलेली देणगी होय.